अर्ध्याहून जास्त युरेनियम, तरी वर्ग 'सिलिकेट'? (क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट)

ऊनसावली
ऑक्टोबरात म्युनिकला खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं. दरवर्षी जळगाव-नाशिककडचे झिओलाइटवाले येतात, त्यांच्याशी मराठीत गप्पा होतात, म्हणून जाते. यंदा पलीकडच्या एका गाळ्यात बंद काचेच्या डबीत एक नमुना दिसला. तपकिरी-काळ्या खडकाच्या भेगेत गवती हिरव्या सुयांचे झुबके, मुळाशी दाट आणि टोकाकडे फाकलेले. सुया केसापेक्षा बारीक. चिठ्ठीवर क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट, मुसोनोई खाण, कोलवेझी, कटांगा (काँगो). बाजूला किरणोत्साराचं पिवळं चिन्ह आणि खाली वर्ग: सिलिकेट, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनची खनिजं.

घरी येऊन सूत्र पाहिलं. तांब्याचा एक अणू, युरेनिलचे (एक युरेनियम, दोन ऑक्सिजन) दोन घटक, एकेक हायड्रोजन घेतलेले दोन सिलिकेट आणि पाण्याचे सहा रेणू. वजनाचा हिशेब केला तर युरेनियम ५३ टक्के, तांबं ७ टक्के आणि सिलिकॉन जेमतेम सव्वासहा. या तिघांत सगळ्यात कमी हिस्सा ज्याचा, त्याच्या नावाने वर्ग कसा?

दुसरी शंका. नावावरून हा स्क्लोडोव्स्काइटचा तांबेवाला अवतार वाटतो, म्हणजे मॅग्नेशियमच्या जागी तांबं. पण स्क्लोडोव्स्काइट एकनताक्ष (स्फटिकाच्या तीन अक्षांमधला एकच कोन तिरका) आणि हा त्रिनताक्ष (तिन्ही कोन तिरके). मग दोघं एका गटात का? मी यंत्र अभियंता, रसायनशास्त्र बारावीपर्यंतचं. त्या बेताने सांगा.

फणसगरा
आधी हे नाव एका दमात म्हणून दाखवा, मग चर्चा.

खडकवासी
मी झिओलाइटवाला, म्हणजे सिलिकेटच्या घरचाच. आपल्याकडच्या अपोफायलाइटात पोटॅशियम, कॅल्शियम, फ्लोरीन, पाणी सगळं असतं, पण त्याला कोणी कॅल्शियमचं खनिज म्हणत नाही. धातू बदलत राहतो, सांगाडा राहतो, म्हणून सांगाड्यावरून वर्ग. वजनाला विचारतो कोण?

रच्याकने, झिओलाइटवाल्यांच्या शेजारी युरेनियमवाला? त्यांच्या पांढऱ्या स्टिल्बाइटकडे कोणी बघितलं का मग?

मुक्ता_द
@खडकवासी, अपोफायलाइटात सिलिकॉन भरपूर असतो, म्हणून तिथे पटतं. इथे सव्वासहा टक्के आहे. खाणवाल्याला, सरकारला, ज्याच्या हातात मोजणी यंत्र आहे त्याला हे युरेनियमचं खनिज. वर्गीकरण कोणाच्या उपयोगासाठी करतो? मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मुलांना हे सिलिकेट म्हणून सांगितलं तर ती मला वेड्यात काढतील.

काटेकोर
सावकाश घेऊ.

खनिजांचं रासायनिक वर्गीकरण ऋणायनावरून (ऋणभार असलेल्या भागावरून) करायचं हा विचार एकोणिसाव्या शतकात बर्झेलियसपासून रुळला. कारण साधं आहे. लोखंडाचं कार्बोनेट आणि कॅल्शियमचं कार्बोनेट एकमेकांसारखी दिसतात, सारखी फुटतात, पुष्कळदा सारख्या ठिकाणी सापडतात. लोखंडाचं कार्बोनेट आणि लोखंडाचं सल्फाइड यांच्यात मात्र लोखंडापलीकडे काही समान नाही. गावाकडे नुसतं 'सुरेश' म्हणून कोणी सापडत नाही, आडनाव लागतं, तसं. धातू हे नाव, ऋणायन हे आडनाव. टक्केवारी यात कुठेच येत नाही.

त्यामुळे युरेनियमची खनिजं एका कप्प्यात नसतात. युरेनिनाइट ऑक्साइडात. टॉर्बर्नाइट आणि ऑट्युनाइट फॉस्फेटात. रदरफोर्डीन कार्बोनेटात. आपला नमुना सिलिकेटात. सिलिकेटांमध्येही तो नेसोसिलिकेट, कारण त्यातले सिलिकाचे चतुष्फलक (एक सिलिकॉन, भोवती चार ऑक्सिजन) एकमेकांना जोडलेले नाहीत. प्रत्येक जण सुटा.

स्ट्रुन्झ या खनिजांच्या रूढ वर्गीकरण पद्धतीत सिलिकेटांचा वर्ग ९. त्यातला '९.एके' हा उपविभाग खास युरेनिल सिलिकेटांचा आहे. म्हणजे मुक्ताताई म्हणतात ते वर्गीकरण करणाऱ्यांच्याही ध्यानात होतं.

धोपटमार्ग
काटेकोर, आडनावाचा दृष्टांत छान, पण तुम्हीच म्हणता चतुष्फलक सुटे आहेत. मग सांगाडा कोणाचा? खडकवासींच्या झिओलाइटात सिलिकाचा सांगाडा उभा असतो. इथे सिलिकेट सुटं, मग घर कोणी उभं केलं? युरेनियमनेच ना? म्हणजे 'सांगाड्यावरून वर्ग' या नियमानेच हा सिलिकेट ठरत नाही.

फणसगरा
धोपटमार्ग आज धोपट मार्ग सोडून आलेत. पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

काटेकोर
@धोपटमार्ग, मुद्दा बिनतोड आहे आणि या खनिजातली खरी गंमत तिथेच आहे.

युरेनियम +६ अवस्थेत असलं की दोन ऑक्सिजन अगदी घट्ट धरतं, एक वर, एक खाली, सरळ रेषेत. ही युरेनिलची जोडी. कंबरेभोवती मग आणखी पाच ऑक्सिजन सैलसर बसतात. म्हणजे एक पंचकोन आणि त्याच्या वर-खाली एकेक टोक. वरच्या-खालच्या ऑक्सिजनांचं मन भरलेलं असतं, ते फारसे कोणाशी जोडले जात नाहीत. त्यामुळे जोडणी होते ती आडवी, आणि युरेनिलची खनिजं बहुधा थरांची होतात.

क्युप्रोस्क्लोडोव्स्काइटात हे पंचकोन एकमेकांच्या कडा धरून साखळ्या करतात. शेजारशेजारच्या साखळ्यांना सिलिकाचे सुटे चतुष्फलक बांधतात. असा युरेनियम-सिलिकेटचा सपाट थर. प्रत्येक चतुष्फलकाचा चौथा कोपरा थरातून बाहेर डोकावतो, आणि त्याच कोपऱ्यावर तो सूत्रातला हायड्रोजन असतो. दोन थरांच्या मधल्या जागेत तांबं आणि पाणी.

या थरावर ऋणभार आहे. म्हणजे खरं ऋणायन एकटं सिलिकेट नाही, युरेनियम आणि सिलिकेट मिळून झालेला अख्खा थर आहे. म्हणून युरेनिल खनिजांचा अभ्यास करणारे गेली काही दशकं त्यांना थराच्या नक्षीवरून लावतात. ऑक्साइड, सिलिकेट, फॉस्फेट या भिंती त्यात मध्ये येत नाहीत.

स्ट्रुन्झवाल्यांनीही सगळीकडे एकच न्याय लावलेला नाही. कार्नोटाइट हे युरेनियम-व्हॅनेडियमचं पिवळं खनिज जुन्या पुस्तकांत फॉस्फेट-व्हॅनेडेटांच्या वर्गात असायचं. नव्या आवृत्तीत ते ऑक्साइडांच्या वर्गात बसवलंय. माझ्या मते ९.एके ही तडजोड आहे, आणि तडजोड म्हणून वाईट नाही.

मुक्ता_द
म्हणजे मी म्हणत होते ते निम्मं बरोबर :) निम्म्यावर समाधान मानते. आता ती दुसरी शंका घ्या. एकनताक्ष-त्रिनताक्ष.

काटेकोर
उद्या लिहितो. पेपर तपासायचेत.

निवृत्त_ट्रॉम्बेकर
ऊनसावली, विकत घेतलं नाहीस ना? विचारतोय कारण अशा सुंदर वस्तूंचा मोह फार.

आयुष्यभर किरणोत्सार सुरक्षेत काम केलं, म्हणून थोडं सांगतो. घाबरवायचं नाही. या खनिजातून अल्फा, बीटा, गॅमा तिन्ही येतात. अल्फा कागदाने अडतात, त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरानेही अडतात. म्हणून डबीबाहेरून बघण्यात काही नाही. पण सुया मोडतात. कठीणपणा ४ असला तरी केसाएवढ्या सुईला तो काय कामाचा? मोडलेल्या सुईची धूळ श्वासातून आत गेली की तीच अल्फा थेट फुप्फुसाच्या पेशींवर पडते, तिथे मध्ये कागद नसतो. डबी बंद असते ती यासाठी, चोरीच्या भीतीने नव्हे.

दुसरं, रेडॉन. युरेनियमच्या साखळीत पुढे रेडियम येतं आणि त्यातून रेडॉन वायू सुटतो. अर्धायुष्य ३.८ दिवस. कपाटात दहा-बारा नमुने बंद करून ठेवले आणि एक दिवस दार उघडून आत तोंड घातलं तर साचलेला सगळा रेडॉन नाकात. हौशी लोकांनी खोली हवेशीर ठेवावी, नमुना झोपायच्या खोलीत ठेवू नये, हात लागला तर साबणाने धुवावा, त्या टेबलावर चहा पिऊ नये. अंतर वाढवलं की मात्रा झपाट्याने उतरते.

आणि इकडे भारतात आणायचा विचारसुद्धा नको. युरेनियम असलेली वस्तू बाळगायला सरकारी परवानगी लागते. 'छंद आहे हो' हे उत्तर चालत नाही.

ऊनसावली
नाही काका, फोटोवर भागवलं. किंमत ऐकूनच मोह उतरला.

फणसगरा
काका, माझ्या सासऱ्यांच्या शोकेसमध्ये एक हिरवा दगड आहे. कसा ओळखू?

निवृत्त_ट्रॉम्बेकर
सासऱ्यांना विचारा. बहुधा मॅलाकाइट (तांब्याचं हिरवं खनिज) निघेल किंवा बाटलीची काच.

रानवारा
हिरवा म्हणजे अंधारात चमकतो ना? सिनेमात दाखवतात तसा?

खडकवासी
@रानवारा, नाही. युरेनियमची खनिजं आपोआप अंधारात उजळत नाहीत. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिवा मारला तर काही चमकतात. ऑट्युनाइट बघा, असा पोपटी पेटतो की डोळे दिपतात. त्यात कॅल्शियम असतं. टॉर्बर्नाइट त्याचा नातेवाईक, फॉस्फेटच, पण कॅल्शियमच्या जागी तांबं. दिवा मारा, ढिम्म. क्युप्रोस्क्लोडोव्स्काइटचं तेच.

तांबं असलं की चमक मरते. युरेनिलने जंबुपार प्रकाशातून घेतलेली ऊर्जा प्रकाश म्हणून परत यायच्या आत तांब्याचे आयन ती ओढून घेतात आणि उष्णतेत घालवतात. हिरवा नमुना समोर आला की दिवा मारून बघणं ही संग्राहकांची पहिली खूण. न चमकणारा गर्द हिरवा असेल तर तांब्याचा संशय घ्यायचा.

कोलवेझीकर
हा धागा माझ्या गावचा निघाला! कोलवेझीत तांबं-कोबाल्टच्या एका प्रकल्पात नोकरी करतो. मूळचा सांगलीचा. मराठी माणसं इथे मोजकीच, पण गणपती बसतो.

मुसोनोई ही इथली तांब्या-कोबाल्टचीच खाण. युरेनियमसाठी कोणी खणत नव्हतं, ते मध्ये मध्ये येतं. इथली लाल माती कपड्यातून निघत नाही, आणि रस्त्याकडेला पोरं मॅलाकाइटचे तुकडे विकायला बसतात. त्या ढिगात कधी वेगळा, टोचेल असा हिरवा दिसला की आमच्याकडचे जुने भूवैज्ञानिक हात लावू देत नाहीत. आधी यंत्र धरतात. खिशात घालून फिरणारी पोरं बघितली की पोटात गोळा येतो.

याची पहिली नोंद कोलवेझीची नाही. १९३३ मध्ये खनिजशास्त्रज्ञ वाएस यांनी हे खनिज मांडलं ते कालोंग्वेच्या नमुन्यांवरून. तेही कटांगातच. पण संग्राहकांच्या कपाटात जाणारे देखणे नमुने बहुतेक मुसोनोईचे.

सातपुडा
कटांगा म्हटल्यावर राहवलं नाही. अवांतर आहे, चालवून घ्या. माझे मोठे काका संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतल्या भारतीय तुकडीबरोबर तिकडे होते. कटांगाने काँगोतून फुटून निघायचा घाट घातला होता. डिसेंबर १९६१ मध्ये एलिझाबेथव्हिलला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढताना पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. जानेवारी १९६३ मध्ये भारतीय सैनिक जादोव्हिलमध्ये शिरले. काका तांब्याच्या खाणींबद्दल बोलायचे, तिथल्या गोऱ्यांच्या बंगल्यांबद्दल बोलायचे. युरेनियमचा शब्द कधी निघाला नाही. आता नकाशा बघतो तर शिंकोलोब्वे ही युरेनियमची खाण जादोव्हिलच्या अगदी जवळ!

कोलवेझीकर
@सातपुडा, जादोव्हिल म्हणजे आजचं लिकासी, आणि एलिझाबेथव्हिल म्हणजे लुबुम्बाशी. शिंकोलोब्वेचं धातुक इतकं श्रीमंत होतं की हाताने निवडलेल्या मालात ६५ टक्क्यांच्या आसपास युरेनियम ऑक्साइड भरायचं. दुसऱ्या महायुद्धात युनियन मिनिएर कंपनीचे एडगर सेंगिए यांनी सुमारे १,२०० टन धातुक आधीच न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर नेऊन ठेवलं होतं. १९४२ मध्ये अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पाने ते विकत घेतलं. पुढे सेंगिएंच्या नावाने सेंगिएराइट हे तांबं-युरेनियम-व्हॅनेडियमचं खनिज आलं. २००४ मध्ये शिंकोलोब्वेत हाताने खणणारे लोक दरड कोसळून मेले. खाण अधिकृतपणे बंद आहे.

रानवारा
खाण बंद आहे आणि दरडीत लोक मेले, दोन्ही २००४ मध्येच?

कोलवेझीकर
हो. बंदीचा हुकूम आधी निघाला होता. पोटाला हुकूम कळत नाही.

मुक्ता_द
स्क्लोडोव्स्काइट शिंकोलोब्वेचं आणि हे कालोंग्वेचं. मग एकात मॅग्नेशियम आणि दुसऱ्यात तांबं हे त्या त्या जागेमुळे का?

खडकवासी
हो. ही सगळी दुय्यम खनिजं. मूळचं युरेनिनाइट, त्यात युरेनियम +४ अवस्थेत, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. वरून प्राणवायू घेऊन पावसाचं पाणी झिरपलं की ते +६ होतं, युरेनिल बनतं आणि वाहायला लागतं. वाटेत सिलिका मिळते. बरोबर कोणता धातू आहे त्यावर पुढचं ठरतं. कटांगाच्या त्या थरांत डोलोमाइट भरपूर, त्यातून मॅग्नेशियम येतं. तांब्याची सल्फाइडं कुजली की तांबं. शिसं असेल तर कॅसोलाइट, आणि ते युरेनियमच्याच क्षयातून तयार होत असल्याने जुन्या साठ्यात हटकून असतं. कॅल्शियम असेल तर युरेनोफेन, पोटॅशियम असेल तर बोल्टवुडाइट. म्हणूनच तांब्याच्या नमुन्यात शेजारी मॅलाकाइट, ब्रोकँटाइट, पिवळं कॅसोलाइट एकाच भेगेत दिसतात.

आणि दुर्मीळ का? युरेनियम, तांबं आणि सिलिका एका भेगेत एकाच वेळी आणि योग्य आम्लतेच्या पाण्यात भेटली पाहिजेत. झेकियातल्या याखिमोव्हलाही सापडतं. क्यूरी दांपत्याने ज्या टाकाऊ धातुकातून रेडियम काढलं, ते तिथलंच.

काटेकोर
पेपर संपले, आता दुसरी शंका.

अल्फ्रेड शूप यांनी १९२४ मध्ये स्क्लोडोव्स्काइट मांडलं. मारी क्यूरींचं माहेरचं आडनाव स्क्लोडोव्स्का, ते त्याला दिलं. वाएस यांना १९३३ मध्ये तशाच घडणीचं तांब्याचं खनिज दिसलं. तेव्हा क्ष-किरणांनी रचना सोडवणं आजच्यासारखं सोपं नव्हतं. रासायनिक विश्लेषण जुळलं, सुया तशाच, म्हणून 'तांब्याचं स्क्लोडोव्स्काइट' हे नाव पडलं.

रोझेनझ्वाइग आणि रायन यांनी १९७० च्या दशकात दोन्हींच्या रचना नीट सोडवल्या. दोन्हीकडे थर युरेनोफेनच्या नक्षीचाच. फरक थर एकमेकांवर कसे बसतात त्यात. मॅग्नेशियम आपले सहा शेजारी साधारण सारख्या अंतरावर ठेवतं. तांब्याला ते जमत नाही, इलेक्ट्रॉनांच्या मांडणीमुळे त्याचे चार शेजारी जवळ आणि दोन लांब जातात. क्युप्रोस्क्लोडोव्स्काइटात जवळचे चार पाण्याचे रेणू आहेत आणि लांबचे दोन म्हणजे वरच्या व खालच्या थरातल्या युरेनिलची टोकं. असा ताणलेला खांब दोन थरांच्या मध्ये आला की सममिती खाली उतरते. एक एकनताक्ष, दुसरा त्रिनताक्ष.

म्हणून गट एकच, युरेनोफेन गट (कॅसोलाइट, बोल्टवुडाइटही यातलीच), कारण थर एकच आणि युरेनियम-सिलिकॉन प्रमाण एकास एक. ते दोनास एक झालं तर सोडाइट, सिलिकॉन वाढला तर वीक्साइटसारखी खनिजं, त्यांची नक्षी निराळी. पण एक काढून दुसरा घालावा असं हे जुळं नाही. नाव सुचवतं तेवढी जवळीक यांच्यात नाही.

धोपटमार्ग
मग नाव बदला की! ग्रहांचं बदलतात, शहरांचं बदलतात.

काटेकोर
आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा नव्या खनिजांचा आयोग १९५९ चा. त्याआधीची रुळलेली नावं शक्यतो तशीच मान्य धरतात. आणि हे नाव रसायनापुरतं खोटं नाही. त्यात तांबं आहे, मॅग्नेशियमच्या जोडीदाराचं सूत्र तसंच आहे. बदललं तर सगळ्या संग्रहालयांच्या चिठ्ठ्या बदलाव्या लागतील. मी ठेवा म्हणेन.

मुक्ता_द
मी बदला म्हणेन. विद्यार्थ्याला नावातूनच चुकीचं शिकवायचं आणि मग परीक्षेत 'रचना वेगळी का' हा प्रश्न टाकायचा, हा अन्याय आहे.

निवृत्त_ट्रॉम्बेकर
वर्गीकरणाचा उपयोग काय, असं मुक्ताताईंनी सुरुवातीला विचारलं होतं. एक उपयोग आमच्या क्षेत्रातला. अणुभट्टीतून काढलेलं वापरलेलं इंधन मुख्यतः युरेनियम डायऑक्साइड, म्हणजे जवळपास युरेनिनाइटच. जमिनीखाली गाडल्यावर कधी काळी तिथे हवा आणि ओलावा पोचला तर काय होईल? खडकवासींनी सांगितलं तेच. सिलिका असलेल्या पाण्यात युरेनोफेन, बोल्टवुडाइट तयार होतात. अमेरिकेत असं इंधन युक्का माउंटनखाली पुरण्याच्या प्रस्तावाच्या वेळी यासाठी मेक्सिकोतल्या पेन्या ब्लांकाचा साठा मुद्दाम अभ्यासला. तिथे युरेनिनाइटचं युरेनोफेन झालेलं डोळ्यांनी दिसतं. मग प्रश्न पडतो की या थरांत नेप्च्युनियमसारखी इतर किरणोत्सारी मूलद्रव्यं अडकून बसतील की पाण्याबरोबर निघून जातील? त्याचं उत्तर थराची नक्षी देते, वजनाची टक्केवारी देत नाही.

ऊनसावली
हे मला सगळ्यात पटलं, काका. म्हणजे चिठ्ठीवर नुसतं 'सिलिकेट' न लिहिता 'युरेनिल सिलिकेट, युरेनोफेन गट' लिहिलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. धोपटमार्गांचा आक्षेप आणि काटेकोरांचं उत्तर जपून ठेवलंय.

एक उरलं. कॅसोलाइटही याच गटात म्हणता, पण त्याच्या सूत्रात सिलिकेटवर हायड्रोजन दिसत नाही. मग तो कोपरा?

काटेकोर
चांगलं पाहिलंत. कॅसोलाइटात चौथा कोपरा उघडा आहे, हायड्रोजन नाही. म्हणजे प्रत्येक चतुष्फलकामागे थराचा ऋणभार एकाने वाढला. शिसं +२ आहे आणि एका युरेनिलमागे एक शिसं येतं, त्यामुळे हिशेब जुळतो. तांब्याचा एक अणू दोन युरेनिलमागे आहे, तिथे प्रत्येक कोपऱ्याला हायड्रोजन लागतोच. कागद घेऊन दोन्हींचे भार मांडा, पाच मिनिटांचं काम आहे.

फणसगरा
सासऱ्यांना विचारलं. माथेरानहून आणलेलं पेपरवेट आहे.